मनोरा उलटा दिसतो ती जागा

जुनं स्टेशन, लिटल मार्डन
६ एप्रिल १९८६

चि. अँब्रोज यास,
अ. उ. आ.

तुझा गुडघा कसा आहे? इथे रुळांच्या रिकाम्या खाचेत प्रिमरोझ फुलले आहेत. लाइन बंद होऊन वीस वर्षं झाली, तरी स्टेशनमास्तरच्या बायकोला फलाट झाडल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

आता खरं ते लिहिते. मंगळवारी नवे पाद्री, मिस्टर पेनफोल्ड, चहाला आले होते. चर्चच्या आवारात आमच्या रेजच्या कबरीशेजारची जागा माझी, एवढं लक्षात असू द्या, असं मी सहज म्हटलं. त्यांनी कप खाली ठेवला. आवारात आता मोजक्याच कबरींपुरती जागा आहे, ती गावच्या हद्दीत राहणाऱ्यांनाच मिळेल, म्हणाले. नकाशात हद्द ओढ्यावरून जाते आणि स्टेशन ओढ्यापलीकडे. म्हणजे मी शेजारच्या अपर कॉम्ब गावची.

रेल्वेसाठी ओढा वळवला होता, मूळ हद्द स्टेशनच्याही मागे होती, असं रेज सांगायचा. तिथे हद्दीचा दगड होता म्हणे, पण आता कुणालाच आठवत नाही. रेज गेल्यापासून अकरा वर्षं दर रविवारी मी रेजजवळच्या त्या गवताकडे आपल्या अंगणाकडे पाहावं तशी पाहत आले. आता अपर कॉम्बच्या अनोळखी माणसांत कशी निजू?

लोभ आहेच, तो तुझ्या पोटाच्या घेरासारखा वाढत राहो.

तुझी,
हेस्टरताई


व्हिटबी
१० एप्रिल १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू विसरलीस, मी कसा विसरेन? १९२५च्या मे महिन्यातली हद्दफेरी आठव. सगळं गाव छड्या घेऊन हद्दीचे दगड बडवत निघालं होतं. मी सात वर्षांचा. हद्द जन्मभर ध्यानात राहावी म्हणून शेवटच्या दगडावर मला उलटं धरून तीनदा डोकं आपटलं. पाय कुणी धरले होते? तुझ्याच रेजने. चौदा वर्षांचा दांडगा नुसता. आणि तू, सख्खी बहीण, खिदळत होतीस, तेही माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघून. म्हणून तुमच्या लग्नात मी केकला हात लावला नव्हता. आज सांगून टाकतो.

तर ऐक. उलटं लटकताना मला चर्चचा मनोरा दिसला, टोक खाली, स्टेशनातल्या पाण्याच्या टाकीच्या दोन लोखंडी पायांच्या बरोबर मधोमध. म्हणजे दगड टाकीच्या मागे, स्टेशनच्या पलीकडे. पाद्रीबुवांना घेऊन जा आणि त्यांना खाली वाकायला सांग. उभ्याने टाकीचा तळ आड येईल.

माझ्या टाळूवरची खूण बघायची असेल, तर टोपी काढायला मी तयार आहे. माया वाढवली नाहीस तरी चालेल, कमी करू नकोस.

तुझा,
अँब्रोज


जुनं स्टेशन, लिटल मार्डन
५ मे १९८६

चि. अँब्रोज यास,
अ. उ. आ.

सापडला. पाद्रीबुवांनी मनोऱ्याकडे पाठ केली, झगा सावरला आणि वाकून स्वतःच्याच पायांमधून पाहायला लागले. सहा ठिकाणी काही नाही. सातव्या वेळी तसेच ओणवे राहून म्हणाले, दिसतोय मिसेस लॅम्बर्न, टोक खाली. त्यांच्या टाचेशी काट्यांखाली दगड होता, गावच्या बाकीच्या दगडांवर असतात तशाच तीन रेघांचा. दगड खरा, नकाशा चुकला, असं त्यांनी तिथेच कबूल केलं. त्याच आठवड्यात रेजशेजारची जागा माझ्या नावे लिहून झाली.

काल कित्येक वर्षांनी हद्दफेरी निघाली. मुलांची डोकी आपटायला त्यांच्या आया तयार होईनात. मग कुणीतरी म्हणालं, नकाशा आणला त्यालाच उचला. पाद्रीबुवांना तीनदा दगडावर आदळून बसवलं. मी एवढी हसले की सवयीने रेजकडे वळून पाहिलं.

तुझे पाय त्याने घट्ट धरले, म्हणून मला त्याच्याजवळ जागा मिळाली. जागा मिळाली, पण जायची आता घाई वाटत नाही. माझ्या स्टेशनात गाडी येत नाही, याचं इतकी वर्षं वाईट वाटायचं. काल संध्याकाळी फलाट झाडताना वाटलं, बरंच आहे.

शुक्रवारी ये. केक केला आहे. एकसष्ट वर्षांचा राग त्याच्याबरोबर गिळून टाक, आणि लोभ तेवढा ठेव.

तुझी,
हेस्टरताई