पाय अजिबात दुखत नाहीत

१० फेब्रुवारी, सोमवार

आमच्या जीपीच्या दवाखान्यातून पत्र आलं होतं, म्हणून डायबेटिक लोकांच्या फूट क्लासला गेलो. कार्डिफमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली चौदा शुगरसोबत. पायांची तक्रार शून्य. तरी सुनीती म्हणाली, बोलावलंय तर जाऊन या. बायकोचा मान राखला.

फिजिओचं नाव बेथन. वय फार तर अठ्ठावीस. डोळे मिटायला सांगून तळपायांना दहा ठिकाणी नायलॉनची बारीक तार टेकवली. जाणवलं की यस म्हणायचं. मी तीनदाच म्हणालो. उरलेल्या सात ठिकाणी मला काडीचाही त्रास झाला नाही. दहापैकी सात. फर्स्ट क्लास.

बेथनचा चेहरा गंभीर झाला. असे पाय तिनं याआधी पाहिले नसावेत.

मग बराच वेळ समजावत होती. घोटा आखडला, पोटरी ताठरली की सगळा भार चवड्यावर येतो. तिथली कातडी जाड होते, खालून फुटते, जखम होते, आणि संवेदना नसली की माणसाला पत्ताच लागत नाही. सर्वसाधारण लोकांसाठी उपयुक्त माहिती.

क्लास सहा आठवडे, दर सोमवारी. घरी रोज पंचवीस मिनिटं व्यायाम, रोज तळपाय आरशात बघायचे, अनवाणी चालायचं नाही, बूट घालण्याआधी उलटे करून झटकायचे. केलं त्यावर टिक करायला एक तक्ता दिलाय.

११ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

संकल्प. पंचवीस नाही, रोज चाळीस मिनिटं. सहा आठवड्यांचा कोर्स तीनमध्ये संपवायचा. तीस वर्षं कौन्सिलमध्ये रस्त्यांची इन्स्पेक्शन्स केली, एकही डेडलाइन चुकवली नाही.

आज पाऊस आहे. उद्यापासून.

१३ फेब्रुवारी

टाचा उचलण्याचा व्यायाम. किचनच्या ओट्याला धरून चवड्यांवर उभं राहायचं, दहा वेळा. सुनीतीनं डिंकाच्या लाडवांचा डबा सगळ्यात वरच्या कपाटात ठेवलाय. तिथवर हात पुरायला चवड्यांवरच उभं राहावं लागतं. दिवसात चार वेळा झालं. व्यायाम रोजच्या जगण्यात मिसळला पाहिजे, असं बेथनच म्हणाली होती.

१७ फेब्रुवारी

दुसरा क्लास. आम्ही सहा जण. माझ्या शेजारी ग्विन, निवृत्त बस ड्रायव्हर, वय चौऱ्याहत्तर. जमिनीवर टॉवेल पसरून तो पायाच्या बोटांनी गोळा करायचा असतो. ग्विन दात-ओठ खाऊन करत होता. त्याच्या डाव्या पायाला तीनच बोटं आहेत. मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं. बुटात खडा होता, दिवसभर बस चालवली, कळलं नाही.

वाईट वाटलं. निष्काळजी माणूस असणार.

माझा टॉवेल हलला नाही. टॉवेल जाड होता.

२३ फेब्रुवारी, रविवार

या आठवड्यात पाय हवेत धरून अंगठ्यानं एबीसीडी लिहायची. घोटा मोकळा होतो. मी देवनागरी घेतली. आपली अक्षरं जास्त, वळणंही अवघड. एकदा पूर्ण मुळाक्षरं म्हणजे इंग्रजीचे निदान दोन दिवस झाले. बाराखडीसकट केलं तर आठवडा.

‘ज’पर्यंत आलो. मग मॅच सुरू झाली.

सुनीतीनं विचारलं, आज पाय बघितलेत का. म्हणालो, हो, आरशात. बघितलेही. दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून वाकलो, पण पोट मधे आलं आणि आरशात फक्त भिंतीवरचा हीटर दिसला. ती म्हणाली, मीच बघत जाईन रोज, पाच मिनिटांचं काम. मी नको म्हणालो. बायकोला पाय दाखवत बसण्याइतका मी म्हातारा नाही. तिनं आग्रह केला नाही. चष्मा पुसत बसली.

३ मार्च

चौथा क्लास. बेथननं विचारलं, घरी कसं चाललंय. म्हणालो, एक्सलंट. ती म्हणाली, तुमचा घोटा पहिल्या दिवशी होता तितकाच आखडलाय. म्हणजे बिघाड नाही. प्रगती स्थिर.

संध्याकाळी इथल्या मराठी मंडळातून मीनाक्षीताईंचा फोन. पाडव्याच्या कार्यक्रमात आरोग्यावर काहीतरी हवंय, वीस मिनिटं, पूजा आणि जेवणाच्या मधे. त्या स्वतः वॉर्ड सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या, त्यांनीच बोलायला हरकत नव्हती. पण मी म्हणालो, डायबेटिस आणि पाय हा विषय मी घेतो, प्रात्यक्षिकासह. त्या म्हणाल्या, बरं, पुरुषोत्तम, तुम्ही नियमित करताय ना हे सगळं. म्हणालो, रोज चाळीस मिनिटं.

फोन ठेवला तेव्हा सुनीती दारात उभी होती.

८ मार्च, शनिवार

पाडव्यासाठी बूट घेतले. तपकिरी, निमुळते, खरं चामडं. बेथननं रुंद टोकाचे, वेलक्रोचे बूट सुचवले होते. ते घालून स्टेजवर गेलो तर लोक माझं ऐकायचं सोडून माझ्यावर दया करतील. दुकानातला माणूस म्हणाला, पुढे थोडे टाइट वाटतायत का. मला काहीच वाटत नव्हतं. उत्तम चामड्याची हीच खूण.

रोज घरात दोन तास घालून वापरायचे, म्हणजे रुळतील. चालण्याचा व्यायामही त्यातच.

१५ मार्च

उजव्या मोज्याला चवड्यापाशी तपकिरी डाग. चामड्याचा रंग कच्चा निघाला. दुकानाला ईमेल करणार आहे, कडक शब्दांत. मोजा मीच धुतला. सुनीतीला उगाच ताप नको.

१८ मार्च

पुन्हा डाग. या वेळी जास्त लालसर. ईमेलचा मसुदा तयार.

पाय अजिबात दुखत नाहीत.

२३ मार्च, रविवार दुपार

क्लास संपले, उद्या फक्त शेवटची तपासणी, तक्ता द्यायचाय. बेचाळीस दिवस, रोजचे सहा व्यायाम. एका बैठकीत सगळीकडे टिक केलं. निळं पेन, काळं पेन, मधेच पेन्सिल. दोन रविवार मुद्दाम कोरे ठेवले, नाहीतर खरं वाटत नाही. हात भरून आला. हाही व्यायामच.

सुनीती चहा घेऊन आली. तक्ता पाहिला, तीन पेनं पाहिली. कप ठेवून गेली.

२४ मार्च

बेथननं तक्ता बघून माझं अभिनंदन केलं, आणि म्हणाली, शेवटी एकदा सगळ्यांचे पाय बघून घेऊ, मोजे काढा. ग्विनचा नंबर पहिला लागला. त्याचा घोटा कितीतरी मोकळा झालाय म्हणे. माझा पाचवा होता. मी म्हणालो, कार पार्कची वेळ संपतेय, दंडाचं तिकीट लागेल. ती म्हणाली, दोनच मिनिटं लागतील. मी म्हणालो, पुढच्या वेळी. ती म्हणाली, पुढची वेळ तीन महिन्यांनी आहे.

पार्किंगला अजून चाळीस मिनिटं होती. गाडीत बसून भाषणाची उजळणी केली.

३० मार्च, पाडवा

चर्चचा हॉल. साठ-सत्तर माणसं, श्रीखंडाचा वास. प्रस्तावना उत्तम झाली. पोलादी पायांवर दोन विनोद केले, लोक हसले. मग म्हणालो, आता प्रात्यक्षिक. खुर्चीत बसून उजवा बूट काढला. मोजा निघेना. चिकटला होता. ओढला.

पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना फिरवल्या. मला कळेना काय झालं. मी व्यायाम समजावतच होतो. मीनाक्षीताई उठून स्टेजवर आल्या, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, पुरुषोत्तम, पाय खाली टेकवू नका. मग त्यांनी बूट उलटा केला. किमतीच्या लेबलाची प्लॅस्टिकची खुंटी पडली, तांदळाच्या दाण्याएवढी. तीन आठवडे आत होती.

मी म्हणालो, दुखत नाहीये. त्या म्हणाल्या, माहितीये.

सुनीतीनं तिच्या पर्समधला स्वच्छ रुमाल दिला. जेवण चुकलं.

३१ मार्च

हॉस्पिटलच्या फूट क्लिनिकमध्ये जाड कातडी कापून काढली. खाली पोकळ. रस्त्याचा वरचा थर शाबूत असतो आणि खालून पाण्यानं माती वाहून गेलेली असते, तसं. असे रस्ते मी नुसत्या नजरेनं ओळखायचो.

एक्स-रे झाला. अंगठ्याच्या हाडापर्यंत इन्फेक्शन गेलंय का, ते आठवड्यानं कळेल. तोवर अँटिबायोटिक, गुडघ्यापर्यंत प्लॅस्टिकचा मोठा बूट, पाय टेकवायचा नाही.

अन्वी मेडनहेडहून ट्रेननं आली. लेक इथेच जन्मलेली, मराठी तोडकंमोडकं. पलंगाशी बसून म्हणाली, बाबा, तुझी पाय दुखत नव्हती? मी सांगितलं, पाय पुल्लिंगी आहे, दुखत नव्हता असं म्हणायचं. तिनं दुखत नव्हता असं म्हटलं, आणि मग रडायला लागली.

७ एप्रिल

हाडापर्यंत गेलंय, म्हणून हॉस्पिटलात ठेवून घेतलंय. अंगठा काढायचा की नाही, ते सहा आठवड्यांच्या औषधानंतर ठरवणार.

बेथन वॉर्डात येऊन गेली. रागावेल असं वाटलं होतं. तिनं शांतपणे विचारलं, तक्त्यातले खरे दिवस किती. म्हणालो, वीस. ती थांबली. मी म्हणालो, दहा. ती थांबलीच. मी म्हणालो, एका दिवशी ‘ज’पर्यंत आलो होतो. तिला ते कळलं नसावं, तरी लिहून घेतलं.

१५ एप्रिल

घरी आलो. संध्याकाळी सुनीती ड्रेसिंग बदलायला बसली. नर्सनं शिकवलंय तिला. तिच्या हातांना सवय झाल्यासारखी दिसली, आठच दिवसांत. मी विचारलं, कशी आहे जखम. तिनं मोबाइलवर तळपायाचा फोटो काढला आणि माझ्या हातात दिला.

कुणातरी म्हाताऱ्या माणसाचा पाय. भेगाळलेला, पिवळा, अंगठ्याखाली खड्डा. मी म्हणालो, हा ग्विनचा आहे का.

ती मान खाली घालून पट्टी बांधत होती. म्हणाली, अहो, ग्विनचा अंगठा तरी राहणार आहे, याचं अजून ठरायचंय.