ट्रक वीस मिनिटांत बंद पडतो

रवि. ४ जाने.
परत तेच. वीस मिनिटं झाली, पंखा बोंबलला, स्क्रीन काळी. 'ग्राफिक्स ड्रायव्हर बंद पडला.' मंग्या तिकडे मेलबर्नमध्ये गेममधला ट्रक एकटाच हाकत राहिला.
आज त्याला सांगायचंच होतं. व्हिडिओ कॉलवर आई समोर असते, तिच्यादेखत कसं सांगणार? रविवारी आंघोळीनंतर ती तासभर झोपते, तेव्हा लॅपटॉप घेऊन मी स्वयंपाकघरात. दोघं आपापले ट्रक चालवतो आणि बोलतो. भावाशी एकटीने बोलायला एवढा एकच तास. वाक्य पाठ होतं: दोन महिने येऊन राहा, मला एकटीला आता झेपत नाही. "मंग्या, ऐक ना" एवढं झालं आणि वाट लागली.
सात वर्षांचा लॅपटॉप. त्याचं तरी काय चुकलं.

मंगळ. ६
नवा ड्रायव्हर टाकला. तसंच. काढून जुना टाकला. तसंच. सेटिंग सगळी खाली आणली, झाडं म्हणजे नुसती हिरवी खोकी. लॅपटॉपचं तापमान ९४, पंख्याची घरघर. खाटेवरून आई, "घरात विमान हाडलंस काय गो?" अर्धांगवायूनंतर पहिल्यांदाच थट्टा केली असेल. हसले. मग तिची कूस बदलली, अंग पुसलं, चादर बदलली. कंबर गेली.

रवि. ११
अठरा मिनिटं. मंग्या म्हणाला, "ताई, दमल्यासारखी वाटतेस गं." "अरे तेच तर..." काळी. मग त्याचा मेसेज: परत गेला ना? नवीन घे आता.
चिडले. उगाच. पोरगा चांगला आहे, दर दोन दिवसांनी आईशी बोलतो. तरी चिडले.

गुरु. १५
स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे. पन्नाशीचा, तोंड वाकडं. मागचं झाकण काढून म्हणाला, "मॅडम, लॅपटॉपला पावडर लावता काय?" पंख्यात पांढरा थर, घट्ट बसलेला. आईची पावडर. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दिवसातून तीनदा लावते, आणि घरून काम करताना लॅपटॉप तिच्या खाटेला लागूनच.
"घरात कुणी झोपून आहे?" त्याने विचारलं. "आई." त्याने नीट साफ करून दिला. दुकानात उभ्याउभ्या रडू आलं. पावडरवरून! काय बाई आहे मी.

रवि. १८
तापमान ७८. तेहतीस मिनिटं टिकला, मग गेलाच. पण तेहतीस मिनिटं मी त्याच्या ऑफिसबद्दल विचारत बसले होते. बोलायला वेळ कमी पडला असं आज म्हणता येणार नाही.

बुध. २१
गेमच्या फ्रेम सेकंदाला तीसवर बांधल्या, ग्राफिक्स कार्डाचा वेग जरा उतरवला, म्हणजे तापणार नाही. जेवणाच्या सुट्टीत तासभर चालवून पाहिला. एकदाही बंद पडला नाही. आनंद व्हायला हवा होता.

रवि. २५
पन्नास मिनिटं. लोण्यासारखा चालला. "झकास!" मंग्या म्हणाला. "आता बोल, त्या दिवशी काय सांगत होतीस?" समोर त्याचा लाल ट्रक. गेम बंद केला. मीच, माझ्या हाताने. मग मेसेज टाकला: परत क्रॅश रे.

सोम. २६
मंग्याचा मेसेज: "ताई, क्रॅश होतो तेव्हा मला 'संपर्क तुटला' दिसतं. काल 'खेळाडू बाहेर पडला' आलं. काय झालंय?"
सकाळी वाचला. संध्याकाळ झाली, अजून उत्तर टाकलं नाही. आई विचारते, "मंग्याचो फोन इलो?" नाही म्हटलं.

रवि. १ फेब्रु.
मंग्या आधीच गेममध्ये येऊन बसला होता. ट्रक पेट्रोल पंपावर लावलेला. "आज चालवायचं नाही. बोल."
पाठ केलेलं वाक्य आलंच नाही. म्हटलं, "मी थकले रे. कधीकधी आईचा राग येतो मला, तिचा काही दोष नसताना. तू ये."
पलीकडे शांत. वाटलं, गेला लॅपटॉप. पाहिलं तर सगळं चालू, तापमान ६१. हेडफोनमध्ये त्याचा श्वास.
मग म्हणाला, "बघतो, ताई."
बघतो म्हणजे काय, विचारणार तेवढ्यात आईची हाक. हेडफोन तसाच ओट्यावर टाकून गेले. तिचं सगळं आवरून यायला पाऊण तास लागला. परत आले तर त्याचा ट्रक अजून तिथेच उभा.