दुसऱ्यांदा रांगेला लागलेली घागर

माझी माय,

काल मी पळाले. तू असतीस तर पहिलं विचारलं असतंस, "कुनाच्या मागं गं?" कुणाच्या मागं नाही. एकवीस किलोमीटर, आपल्या फाट्यापासून तेलगावच्या चौकापर्यंत आणि परत, छातीवर नंबर लावून. तुझ्यासारखा डिमेन्शिया झालेल्या म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारी एक संस्था बीडला आहे, तिच्या वर्गणीसाठी ही शर्यत होती. पोटऱ्यांत गोळे आलेत तरी लिहायला बसलेय, कारण काल जे बघितलं त्यानं तोंडात अजून आंबट येतंय. तुला नाही सांगायचं तर कुणाला?

खरं तर वर्गणी हे निमित्त. शेवटी अशा प्रत्येक म्हाताऱ्याच्या घरच्यांना माईकवर दोन शब्द बोलू देणार होते. मला एकच बोलायचं होतं, गावासमोर, मोठ्यानं: माझी माय पाणीचोर नव्हती.

तुला ते दुष्काळाचं साल कुठं आठवणार! आपली चंद्री म्हैस चारा छावणीत गेली आणि तिथंच मेली. दूध संघाचा पाण्याचा टँकर शाळेच्या भिंतीपाशी यायचा. माणसांआधी घागरी रांगेत बसायच्या, घराला ठरलेलं पाणी मिळायचं. तू निळी चिंधी बांधलेली घागर भरून घरी न्यायचीस, चंद्रीच्या डोणीत ओतायचीस आणि रिकामी घागर घेऊन पुन्हा रांगेला लागायचीस. "म्हशीला पाजायचंय बाई, मला न्हाई भेटलं अजून." कुठली म्हैस, माय? डोणीतलं पाणी उन्हानं आटून जायचं आणि गाव म्हणायचं, म्हातारीला माज आलाय.

आजार असेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पाण्याच्या बाबतीत आपल्या गावाला एकच आजार ठाऊक होता, हाव!

शेवंताकाकू आठवते? भिंतीला भिंत लागून घर, जिच्या बाळंतपणात तू शेकशेगडी केलीस, ती. तिनंच सगळ्यांदेखत तुझी घागर हिसकावून घेतली. "इसरली म्हनं! पानी न्यायचं बरं इसरत न्हाई! लई नाटकी हाय ही!" आणि संघाचे चेअरमन आबासाहेब, पांढऱ्या गाडीला टेकून दात कोरत म्हणाले, "चोराला रांग न्हाई. हिची घागर बंद करा." ज्या संघाला तू आयुष्यभर दूध घातलंस, त्याच्या टँकरवर! तू मात्र हसत लोकांना विचारत होतीस, "कुनाचं भांडन चाललंय?"

मी एसटीची ड्युटी संपवून आले तेव्हा हे सगळं मला चवीनं सांगितलं गेलं. पुढं अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते मी गावात सांगितलं तर पारावर हशा पिकला. "चोरीला इंग्रजी नाव ठिवलंय मंगलनं!" तू गेलीस तेव्हाही दोघी बायका कुजबुजल्याच, आता मेलीच्या तोंडात पाणी घाला म्हणावं. शी! ऐकलंय मी ते.

तर काल. आभाळ यंदाही कोरडंच आहे. शर्यतीचा खर्च दूध संघानं केला होता, म्हणून बॅनरवर आबासाहेब हात जोडून हसतायत आणि खाली कोपऱ्यात, 'स्मरणार्थ' म्हणून, बोटाएवढी तू. माझ्या मोबाईलच्या स्टेटसवरचा फोटो उचलला, विचारलंसुद्धा नाही. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना धूळ लागू नये म्हणून रस्त्यावर पाणी मारलं होतं. कशानं? त्याच टँकरनं, माय! फाट्यावर बायका घागरी घेऊन उभ्या होत्या आणि टँकर त्यांच्यासमोरून डांबराला पाणी पाजत गेला. पळणारे लोक बाटल्या डोक्यावर ओतत होते, अर्ध्या फेकत होते. मी रस्त्याच्या कडेला जाऊन उलटी केली. बरोबरची पोर म्हणाली, "मावशी, ऊन लागलं का?" ऊन! ऊन मला जन्मापासून लागतंय.

कसंबसं पोचले. स्टेजवर आबासाहेब गहिवरून बोलत होते, "या माउलीला आपल्या गावानं फुलासारखं जपलं." माझ्या हातात माईक आला. मी म्हटलं, "आबासाहेब, तुम्ही माझ्या मायला चोर म्हणालात. तिची घागर बंद केलीत. ती चोर नव्हती, आजारी होती."

आणि काय झालं ठाऊक आहे? टाळ्या! अख्ख्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. आबासाहेबांनीसुद्धा, डोळे पुसत. निवेदक म्हणाला, "किती हृदयस्पर्शी!" इतकी वर्षं घोकलेलं वाक्य, आणि या लोकांनी ते शाल-नारळाबरोबर मलाच परत दिलं. त्यांच्या त्या टाळ्यांची मला शिसारी आली, माय. थुंकावंसं वाटलं.

खाली उतरले तर पाण्याच्या टेबलापाशी गलका. "आजी, आत्ताच घेतलं ना! किती हाव ती!" बघते तर शेवंताकाकू. सून मान खाली घालून तिचा हात ओढत होती. काकूचं एकच, "मला न्हाई भेटलं अजून."

माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? बरं झालं! हो, आलं. आणि लगेच स्वतःचीही किळस आली, कारण तो आवाज अगदी पारावरच्यांसारखा होता.

मी पेला भरून दिला. ती प्याली, चार पावलं गेली, परत आली. परत दिला. तेव्हा माझ्याकडं बघत म्हणाली, "कुनाची गं तू?"

"तुमच्या शेजारणीची."

"तिची घागर हाय माझ्याकडं," काकू हळूच म्हणाली. "निळ्या चिंधीची. म्हशीला पाजायचं म्हनून वरडत होती बिचारी. द्यायची ऱ्हायली."

माईकवरून जे झालं नाही ते तिथं झालं. मी रडले, सगळ्यांसमोर, त्या घाणेरड्या चिखलात उभी राहून. सुनेला सगळं समजावून सांगितलं. येत्या सुट्टीला दोघींना बीडच्या त्या संस्थेत घेऊन जातेय.

आबासाहेबांबद्दलची शिसारी तशीच आहे, ती जाणारही नाही. पण तुला शब्द देते, माय. तुझी घागर मी परत मागणार नाही, काकूकडेच राहू दे. ती घागर घेऊन काकू जितक्यांदा रांगेत येईल तितक्यांदा, माझ्या वाटणीचं पाणी घालून का होईना, मी ती भरीन. आणि कुणी तिला चोर म्हणू दे तर खरं.

तुझीच,
मंगल