मार्जिन म्हणजे काठ

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून बाकावर बसवून ठेवलंय, धड एक शब्द कुणी सांगत नाही! आत माझा म्हातारा फाडून ठेवलाय. बाहेर युवराज — माझा मुलगा, पंचेचाळिशीचा घोडा — डॉक्टरशी तेलुगूत, इंग्रजीत गुलुगुलु बोलतो. काय म्हणाले विचारलं तर म्हणे, तुला काय करायचंय आई, मी बघतो ना. सगळं हाच बघतो. परवा डॉक्टरनं बापाला विचारलेल्याची उत्तरंसुद्धा ह्यानंच दिली. बाप नंदीबैलासारखा मान हलवत होता.

लघवीच्या पिशवीखाली गाठ असते, प्रोस्टेट म्हणतात. तिच्यात कॅन्सर. दोन वर्षं रात्री सारखा उठायचा. दवाखान्यात चल म्हटलं की अंगावर यायचा. एकदा चप्पल फेकून मारली मला. मीही मारली. माझा नेम बरा आहे.

१३ फेब्रुवारी

नळी घातलीय. पिशवीत रक्त. डोळे उघडताच नर्सला शिवी घातली. जगेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कापलेल्या तुकड्याचा रिपोर्ट युवराजच्या मोबाइलवर आला. गौलीगुड्यात आमचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे, ते सोडून ओरडत घरी आला. "आई, मार्जिन पॉझिटिव्ह!" दुकानदारच तो. मार्जिन म्हणजे नफा, पॉझिटिव्ह म्हणजे चांगला. येताना बालूशाही आणली. शेजारच्या तेलुगू अम्मालाही दिली. म्हाताऱ्यानं दोन खाल्ल्या.

संध्याकाळी शर्वरी आली. युवराजची लेक, तारनाक्याच्या कॉलेजात शिकते. रिपोर्ट वाचला आणि तोंडातला घास हातावर काढला.

"आजी, मार्जिन म्हणजे काठ. तुकडा कापून काढला ना, त्याच्या अगदी काठापर्यंत कॅन्सर सापडलाय. म्हणजे आत राहिला असेल."

काठ! लुगड्याला असतो तसा. आणि आम्ही मेल्यांनी मिठाई वाटली! मी डबा उचलून भिंतीकडे भिरकावला. युवराज मध्ये आला, कानशिलाला लागला. बरं झालं.

२५ फेब्रुवारी

डॉक्टरकडे मीच गेले. युवराजला गाडीत बसवला, शर्वरीला आत घेतलं. डॉक्टर वारंगलकडचा, पण दखनी हिंदी बोलतो, मला समजतं. म्हणाला, रक्ततपासणीत गाठीचा आकडा आधीच फुगलेला, कॅन्सर गाठीच्या कडेला टेकलेला, पोट हे एवढं, हात आत घालणं मुश्कील. अशा माणसाच्या काठाला कॅन्सर राहण्याचा धोका जास्तच. त्यात गाठीला चिकटून नसा असतात, पुरुषपणाच्या. त्या वाचवायच्या तर हत्यार गाठीला घासून फिरवावं लागतं.

मग का वाचवल्या, म्हटलं.

"पूछा मैं, अम्मा. आप लोगांच बोले, नसां रखो."

शर्वरी फरशीकडे बघायला लागली.

घरी आले. म्हातारा पलंगावर, पिशवी बाजूला लटकलेली. सत्तरीला टेकलास, आता कुठल्या मांडवात उभं राहायचंय तुला! जिवापेक्षा तेच मोठं झालं! तांब्या हाताशी होता. फेकला. भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं तरी हात वर केला नाही त्यानं. एवढंच म्हणाला, मला कुणी विचारलंच नाही.

खोटारडा! चपला फेकणारा माणूस, आज गाय झाला.

२६ फेब्रुवारी

ताट आपटलं त्याच्यापुढं. डोळा पार मिटलाय.

२७ फेब्रुवारी

भुवईला हळद लावली. जोरानंच लावली. त्यानं शिवी दिली नाही. हा शिवी देत नाही म्हणजे काहीतरी चुकतंय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानात गेले. समोर गिऱ्हाईक होतं, तरी विचारलं. युवराज, नसा ठेवा असं कोण म्हणालं?

कढई पुसत राहिला. मग म्हणाला, "बापाला असलं कसं विचारू, आई? लाज वाटली. मीच सांगून टाकलं, ठेवा म्हणून."

लाज! काउंटरवरची पळी उचलली आणि वाकेपर्यंत मारली त्याला. गिऱ्हाईक पळालं. तो हात आडवा न धरता रडत होता. आणि मी कुणाचं डोकं फोडून बसले!

उद्या डॉक्टर पुन्हा विचारणार — रेडिएशनचा शेक लगेच द्यायचा, की रक्त तपासत थांबायचं. शर्वरी इकडचं तिकडे सांगेल, जसंच्या तसं. असलं बोलायची लाज आहे का, विचारून घेतलंय, नाही म्हणाली. युवराजनं तोंड उघडायचं नाही. मीही नाही. उत्तर दत्तोबांनी द्यायचं. नवऱ्याचं नाव घेतलं आज. घेतलं तर घेतलं. त्यांनीच द्यायचं.