पडद्यावर यंग-रिमचं नाव

लाडक्या लेकी मल-सुक,

आधी आली ती लॅपटॉपवाली पोरगी, मागून मुख्य कचेरीचे साहेब. आमच्या कारखान्याच्या जेवणघरात, कुणाला काय वाढायचं ते मला कळावं म्हणून, त्यांनी भिंतीवर टीव्हीसारखा पडदा लावलाय. तो म्हणे कचेरीतल्या कामगारांच्या नोंदींशी जोडलाय, तिकडे काही बदललं की इकडे लगेच दिसतं. मला त्याचा भरवसा वाटेना. पहिल्याच दिवशी त्याने मुकादम मा यांचा वाढदिवस दाखवला. मी वाढदिवसाचं म्हणून समुद्री शेवाळाचं सूप रांधून पुढे ठेवलं, तर ते म्हणाले, "आजी, माझा वाढदिवस चांद्र तिथीने, अजून महिना आहे. पण सूप राहू द्या."

आणि आज सकाळी तुझ्या लेकीच्या, यंग-रिमच्या नावापुढे आलं, 'गरोदर, कामाचे तास कमी.'

तुला सांगितलंय का गं तिने? मला तर नाही. पडदा पुन्हा चुकला असेल म्हणावं, तर काल तिने किमचीचा वाडगा नाक मुरडून सरकवला. आणि परवा स्वप्नात माझ्या ओटीत केवढं थोरलं पीच पडलं! असं फळ स्वप्नात आलं म्हणजे घरात पाळणा हलणार. तेव्हापासून मी घरातल्या एकेकीकडे बघतेय. मला हसू आवरत नाहीये.

पण हे तिने सांगायचं, भिंतीने नाही. रांग यायच्या आत मी पडद्यावर फडकं टाकलं आणि साहेबांना फोन लावला. "पोरीच्या पोटातलं सगळ्यांना कशाला दाखवता?" ते म्हणाले, "आजी, ती ओळ झाकतो, पण तिथे येऊनच."

ती सांगेल तेव्हा तू नवल कर हं. मिरच्या वाळल्या का? गुडघा कसा आहे?

फडकं अजून तिथेच आहे. साहेब नि ती लॅपटॉपवाली, दोघं गुरुवारी येतो म्हणालेत.

तुझ्या आठवणीत,
आई