राशिदकाकांची कॉफी

क्रुपा, ऊनाकाठ
४ एप्रिल २००२

ती. शेफिकाताईस,
मिर्सादचा सलाम, वि. वि.

वनशास्त्राचं कॉलेज मी सोडलं, हे तुला साराजेव्होत कळलंच असेल. रागाव, पण पुढचं वाच. सध्या मी लढाईत जळलेल्या पाणचक्क्यांना नवे खांब बसवतोय, आणि हाजराकाकूंच्या आल्दिनाशी लग्न करणार आहे. तिचीही ना नाही. अडलंय ते एका पेल्यावर.

त्यांच्या ओट्यावर आम्ही तिघं बसतो आणि काकू कॉफी ओततात चार पेल्यांत. चौथा आल्दिनाच्या बाबांचा, राशिदकाकांचा. ब्याण्णवच्या लढाईत सैनिकांनी त्यांना शाळेच्या मैदानातून नेलं, तेव्हापासून रोज. कॉफी निवली की गुलाबाच्या मुळाशी जाते. घरच्यांनी रक्त दिलं, तर सापडलेल्या हाडांशी जुळवून बघतात. पण काकू देत नाहीत, आल्दिनालाही देऊ देत नाहीत. म्हणतात, रक्त देणं म्हणजे तो मेला असं मीच लिहून देणं. आणि आल्दिना म्हणते, बाबांचं काय झालं ते कळेपर्यंत आईला सोडून उंबरा ओलांडणार नाही. दहा वर्षं झाली, ताई. मला दहा दिवस निघत नाहीत.

तुझी माया आटली नसेल असं धरून चालतो.
तुझा मिर्साद


साराजेव्हो
१५ एप्रिल २००२

चि. मिर्सादास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे प्राध्यापक भेटले होते. भाऊ जंगलात हरवला का, विचारत होते. मी म्हटलं, नाही, नदीत पडलाय.

आता नीट ऐक. आपल्या बाबांना आपण मूठमाती दिली, रडलो, आणि घरी येऊन जेवलो. हाजराकाकूंच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. म्हणून तर गावातला तंबाखूवाला अजून त्यांना विचारतो, राशिदला काही हवंय का. सगळं गाव सांभाळून घेतं. तूही तोंड आवर. लहानपणी भाकरी तव्यावरून उतरायच्या आत खाऊन जीभ भाजून घ्यायचास, अजून तसाच आहेस.

प्रकृतीला जप. रागावलेली, तरी तुझीच,
शेफिका


क्रुपा
२८ एप्रिल २००२

ती. ताईस, सलाम, वि. वि.

आवरलं नाही. परवा आल्दिना पुन्हा थांब म्हणाली आणि माझं डोकं फिरलं. चौथा पेला उचलला, एका घोटात रिकामा केला, आणि म्हणालो, “काकू, ते येणार नाहीत. हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेला धुतला, पुसला, फडताळात ठेवला. आणि काल पहिल्या बसने आल्दिनाला घेऊन बिहाचला गेल्या, दोघींचं रक्त देऊन आल्या. बघ, दहा वर्षांत कुणाला जमलं नाही ते झालं! आल्दिना बोलत नाहीये, पण ओसरेल ते. तू लग्नासाठी झगा शिवायला टाक.

आनंदात असलेला,
मिर्साद


क्रुपा
२१ जुलै २००३

ती. ताईस, सलाम, वि. वि.

तू दफनाला आली नाहीस, बरंच झालं. काका सापडले, निम्मेच. काल पुरलेल्या सतरा जणांत ते होते.

वर्षभर आल्दिना माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. परवा स्वतःहून चक्कीवर आली. मयताला हातांवर घ्यायला घरचा पुरुष कबरीत उतरतो, आणि त्यांच्याकडे कुणी नाही. म्हणाली, “आईला तू मोकळं केलंस, ते मी विसरणार नाही. पण आमच्या घरात बाबा तुझ्या तोंडून मेले, मिर्साद. रोज तुझ्यासमोर बसणं मला जमणार नाही. उद्या माझा भाऊ म्हणून उतरशील?”

मला भांडायचं होतं. पण या वेळी तोंड आवरलं आणि हो म्हटलं.

हिरव्या कापडात गुंडाळलेले काका गावाच्या हातांवरून माझ्यापर्यंत आले. बाबांना उचललं तेव्हा माझे खांदे भरून आले होते. हे ओझं तान्ह्या मुलाएवढं होतं. इमामांनी काठावरून विचारलं, मयताचा तू कोण. वर काकू उभ्या होत्या, शेजारी ती, मागे सारं गाव.

मी म्हणालो, मुलगा.

माया असू दे. उत्तराची घाई नको.
मिर्साद