नागेशाच्या दुखण्याचं नाव

नंदिगड्डे, ता. जोयडा
१२ नोव्हेंबर २०२३

चि. रक्षा हीस आप्पाचे अ. उ. आशीर्वाद.

इकडं समदी बरी हाईत. खालचं खाचर गव्यांनी तुडवलं, वरचं भात कापायला आलंय. हॉस्टेलच्या भाताला तू नावं ठेवतीस हे ऐकून आई हसत बसली. घरी असताना कुळथाच्या सारालाबी नाक मुरडायचीस म्हणाली.

पत्र लिवायचं कारण तुझा धाकटा भाऊ. फोनला टेकावर चढावं लागतं आणि नागेश मागनं येऊन ऐकत उभा ऱ्हातो. गणेशगुडीला राफ्टिंगच्या होडीवर लागल्यापासनं त्यो खाईनासा झालाय. ताट घेऊन मागच्या पडवीत जातो नि कुत्र्याला घालतो. दिवसभर वल्हं मारून आला तरी पुन्ना चढावर पळत सुटतो. तालुक्याच्या डॉक्टरनं टॉनिक दिलं. भगतानं नारळ दिला. विठ्ठलकाका म्हणाला, पोरगा दारूला लागला असंल. मी तोंडाचा वास घेऊन बगितला. दारू न्हाई.

तू नर्सचं शिकतीस. हे काय असंल, कळव. जीव जपून ऱ्हा.

तुझा,
आप्पा


बेळगाव
२१ नोव्हेंबर २०२३

ती. आप्पा यांस रक्षाचा सा. न. वि. वि.

याला नाव आहे, आप्पा. खाण्याचा आजार, पण मुळात मनाचा. ते नखरे नव्हेत आणि बाहेरची बाधाही नव्हे. आमच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांना विचारलं तर त्या हसल्या. हा शहरातल्या श्रीमंत मुलींचा आजार, जंगलातल्या कुणब्याच्या पोराला कुठून होणार, असं म्हणाल्या. मी तशीच समुपदेशक देवकी मॅडमकडे गेले. त्या हसल्या नाहीत. मुलगा असो, मुलगी असो, गरीब असो, कुणालाही होतो म्हणाल्या. मुलग्यांचा आजार लवकर ओळखत नाहीत, म्हणून ते दवाखान्यात उशिरा येतात.

त्यांनी सांगितलंय, त्याला रागावू नका, शपथा घालू नका. त्याच्या अंगाबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलू नका. जेवताना नुसते शेजारी बसा. आणि लगेच घेऊन या. आप्पा, लगेच म्हणजे या आठवड्यात. आईला नमस्कार, आणि सार मी आता आनंदानं पिईन म्हणून सांगा.

तुमची,
रक्षा


नंदिगड्डे
१४ जानेवारी २०२४

चि. रक्षा हीस अ. उ. आ.

तुझं पत्र मी दोन महिनं पेटीत ठेवलं. आदी कापणी, मग मळणी म्हणत ऱ्हायलो. खरं सांगू, मला पटलं न्हाई. भूक लागली की माणूस खातं, येवढंच मला ठाऊक.

गेल्या मंगळवारी त्यो होडीत चक्कर येऊन पडला. संगतीच्या पोरांनी धरला म्हणून पाण्यात गेला न्हाई. मालकानं घरी धाडला. त्याच पोरांनी सांगितलं, होडीत बसाय आलेल्या एका पावण्यानं पोट सुटलेल्या नागेशाचा फोटो मोबाईलवर टाकला हुता नि गावभर लोक हसले हुते. मीबी हसलो हुतो, रक्षा. घरी त्येला मी 'गड्डा' म्हणायचो, कणगराच्या कंदाच्या गड्ड्यावानी गरगरीत म्हणून. मायेनं म्हणायचो. त्येला काय वाटायचं, कदी इचारलं न्हाई.

पुढल्या सोमवारच्या बसनं त्येला नि आईला घेऊन येतो. तुझ्या मॅडमना सांगून ठेव.

आप्पा


बेळगाव
१० मार्च २०२४

ती. आप्पा यांस सा. न. वि. वि.

तुम्ही गावी परतल्यावर पहिले पाच आठवडे बरे गेले. पुरुषांच्या वॉर्डात यासाठी जागा नव्हती, म्हणून देवकी मॅडमनी भांडून बायकांच्या वॉर्डालगतची खोली मिळवली. कुणी त्याला हसलं नाही. मॅडम रोज त्याच्याबरोबर बसून स्वतःही पेज प्यायच्या. आपल्या बोलीतले शब्द त्याच्याकडून शिकायच्या, चुकल्या की तो हसायचा. सोबत राहिलेल्या आईनं तर ते हसू ऐकून पदर डोळ्यांना लावला.

आता वाईट बातमी. मॅडमची नेमणूक एका संस्थेच्या मदतीवर होती, तिची मुदत संपली. त्या गेल्या. नवीन डॉक्टर म्हणाले, धडधाकट वयाचा मुलगा आहे, घरी गेला की खाईल, खोली रिकामी करा. मी हातापाया पडले. बेंगळुरूला सोय आहे, पण नागेश नको म्हणतो. तिथे माझं बोलणं कुणाला कळणार, असं विचारतो. त्याचं हृदय फार थकलंय, आप्पा, तपासणीत दिसलंय. परवाच्या बसनं आई त्याला आणतेय. मी काय करू ते मला कळत नाही.

तुमची,
रक्षा


नंदिगड्डे
२ मे २०२४

चि. रक्षा हीस अ. उ. आ.

तुला परत जाऊन आठ दिवस झाले. पोचल्याचं कळलं. बाराव्याला तू हुतीस, पर आई सारखी जवळ हुती, म्हणून नागेशाचं शेवटचं तुला सांगितलं न्हाई. कुनाला तरी सांगाय पायजे.

लोकांचं काय सांगू. दारूनं गेला म्हणत्यात. विठ्ठलकाकाला मी बाजारात चारचौघांत सांगितलं की दारू न्हाई, खाण्याचा आजार हुता, मनाचा. कुनी इस्वास ठेवला असं वाटत न्हाई.

त्या सकाळी आई नदीवर गेल्ती. मी पेज घेऊन त्येच्याशेजारी बसलो हुतो. मॅडमनी सांगितल्यापरमानं खा म्हणालो न्हाई. त्यानं वाटी हातात घेतली, बराच येळ धरली नि खाली ठेवली. मग माझ्याकडं बगून म्हणाला की आप्पा, मला लई भूक हाय, पर खायाला हुईत न्हाई. सा म्हैन्यात पैल्यांदा त्यो माझ्यापाशी आपल्या दुखण्याचं बोलला. मी नुसता त्येचा हात धरला. आई धुणं घेऊन वर यायच्या आत हात गार झाला.

रक्षा, तू हे शिकतीस. अशा टायमाला बापानं काय बोलायचं असतं? पुस्तकात असंल तर मला लिवून कळव.

तुझा,
आप्पा